किम तकगू पहिल्यांदा बघायला घेताय? त्याआधी एवढं करा

कोरियन मालिका बघायला सुरुवात करायची आहे, भावाभावांचं वैर आणि प्रेम असं दोन्ही हवंय, असं कोणी म्हटलं की मी एकच नाव सांगते: ‘ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स’. मूळ कोरियन नाव ‘जेप्पांगवांग किम तकगू’, म्हणजे पाव बनवणाऱ्यांचा राजा किम तकगू. केबीएस या कोरियातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या दुसऱ्या वाहिनीवर जून ते सप्टेंबर २०१० मध्ये ही मालिका लागायची. शेवटच्या भागाचं रेटिंग ४९ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, म्हणजे त्या रात्री निम्मा कोरिया दोन भावांचं काय होतं ते बघत बसला होता.

मी नाव सांगते आणि चार दिवसांनी फोन येतो, ‘अगं, कोण कुणाचा मुलगा काही कळेना, दिली सोडून.’ माझंही पहिल्या वेळी तेच झालं. घाईघाईत, मोबाईलवर, भाजी निवडता निवडता बघितली आणि चौथ्या भागात सोडली. दोन वर्षांनी आईबरोबर पुन्हा लावली. पहिली दहा मिनिटं झाली आणि आई म्हणाली, ‘थांबव जरा. एक पाठकोरा कागद दे मला.’ त्या कागदामुळे मालिका आम्हाला लागली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितेय.

काय काय लागेल

- एक पाठकोरा कागद आणि पेन्सिल. पेन नको, नाती मधेच खोडून पुन्हा लिहावी लागतात.
- सबटायटल आरामात वाचता येतील एवढा पडदा. हाताशी दुसरं काम नको.
- बरा आवाज. कोण कोणाला काय हाक मारतो यावर निम्मी गोष्ट उभी आहे.
- साधारण तीस तास, पण दीड-दोन महिन्यांत पसरलेले.
- बघायला कोणीतरी जोडीला. घरातलं वडीलधारं माणूस असेल तर फारच उत्तम.
- जवळच्या बेकरीतला ताजा पाव. हे मी मनापासून सांगतेय, तुम्हाला भूक लागणार आहे.

## १. आधी बरोबर मालिका शोधा

एकाच मालिकेची तीन-चार नावं आहेत: ‘ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स’, ‘किंग ऑफ बेकिंग, किम तकगू’, ‘बेकर किंग किम तकगू’. एका नावाने सापडली नाही तर दुसऱ्याने शोधा. खूण म्हणून लक्षात ठेवा: साल २०१०, भाग तीस, प्रत्येक भाग तासाभराचा, तकगूच्या भूमिकेत युन शियुन, त्याच्या भावाच्या म्हणजे माजुनच्या भूमिकेत जू वन. भाग तीसपेक्षा जास्त दिसले तर ते तोडून टाकलेले आहेत असं समजा. प्रसारणाचे हक्क संपले की मालिका एका ठिकाणाहून जाते आणि काही महिन्यांनी दुसरीकडे येते, त्यामुळे कुठे बघायची ते त्या वेळी शोधावं लागेल. अधिकृत ठिकाणीच बघा. चोरून टाकलेल्या भागांची सबटायटलं यंत्राने केलेली असतात आणि त्यात भाऊ, काका, साहेब सगळे एकच होऊन जातात.

दोन सापळे इथेच आहेत. पहिला, ‘एका तासात संपूर्ण कथा’ छापाचे व्हिडिओ. त्यात सगळी गुपितं पहिल्या पाच मिनिटांत फोडलेली असतात आणि मेलोड्रामाचा जीव गुपितातच असतो. दुसरा, कलाकारांची नावं शोधायला जाणं. जू वनचं नाव टाकलंत की तिसऱ्याच ओळीत माजुनचं शेवटी काय होतं ते वाचायला मिळतं.

## २. नावांचा कागद करा

इथे वेळ घाला. कोरियन नावात आडनाव आधी येतं आणि लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. म्हणजे गू घराण्याची मालकीण ‘गू’ नसते. एवढं माहीत नसलं की पहिल्याच भागात गोंधळ उडतो. कागदावर असं मांडा:

मधोमध गू इल्जुंग, गोसंग या पावाच्या कंपनीचा मालक. त्याच्या शेजारी बायको सो इनसुक. खाली दोन मुली, जाग्यंग आणि जारिम. वर इल्जुंगची आई, जिला नातू हवाय. एका बाजूला हान सुंगजे, इल्जुंगचा मित्र आणि उजवा हात. दुसऱ्या बाजूला किम मीसुन, त्या घरात कामाला असलेली तरुण मुलगी.

आता रेघा. इल्जुंग आणि किम मीसुन यांचा मुलगा तकगू. इनसुक आणि सुंगजे यांचा मुलगा माजुन, जो जगासाठी इल्जुंगचा मुलगा म्हणून वाढतो. हे मी फोडलेलं नाही, मालिकाच अगदी सुरुवातीला तुम्हाला विश्वासात घेऊन हे सांगते. पुढचा सगळा ताण आपल्याला माहीत आहे आणि त्यांना नाही, यातून येतो. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात आणखी एक यादी ठेवा: ‘हे कोणाकोणाला माहीत आहे?’ कोणाला कळलं की त्याचं नाव लिहायचं. माझ्या आईने ही यादी शेवटपर्यंत चालवली. एका भागात एक नाव लिहिताना तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, ‘अरे देवा, ह्याला कळायला नको होतं.’

आडनावांकडे नीट बघा. तकगूचं आडनाव किम आहे, म्हणजे आईचं. बापाच्या आडनावाला फार महत्त्व असलेल्या समाजात मालिकेच्या मथळ्यातच मुलाच्या नावाआधी आईचं आडनाव लिहिलंय. पुढे माजुन एका बेकरीत खरी ओळख लपवून राहतो तेव्हा नाव घेतो सो तेजो. सो हेही त्याच्या आईचंच आडनाव. म्हणजे एका छपराखाली दोन मुलगे आपापल्या आईच्या आडनावाने पाव मळतायत आणि दोघांनाही हवंय ते बापाचं ‘गू’. मला हे तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं. तुम्ही पहिल्यांदाच बघा.

आणखी एक घोटाळा: मीसुन दोन आहेत. किम मीसुन तकगूची आई. यांग मीसुन बेकरीतली तरुण मुलगी. दोघींची नावं वेगवेगळ्या रंगाने लिहा.

आणि तकगू? कोरियन भाषेत तकगू म्हणजे टेबल टेनिस. लोक त्याच्या नावाला हसतात ते का, हे सबटायटलमध्ये नेहमी सांगितलेलं नसतं.

## ३. लहानपणाचे भाग ओलांडू नका

सुरुवातीचे काही भाग मुलांचे आहेत आणि युन शियुन नंतर येतो. ‘हिरो कुठाय?’ म्हणत पुढे पळवणारे बरेच भेटले मला. असं केलंत तर पुढे काहीच हाताला लागणार नाही. तकगूची आई दिसेनाशी होते आणि तो बारा वर्षं तिला शोधत फिरतो, तो शोध तिथून सुरू होतो. एका माणसाच्या हातावर भिरभिऱ्याचं गोंदण असतं, तेवढाच धागा त्याच्याकडे असतो. शिवाय दोन भाऊ पहिल्यांदा समोरासमोर येतात तेही तिथेच. लहान तकगूचं काम करणारा ओ जेमू इतका सच्चा आहे की मोठा तकगू आल्यावर माझी आई दोन दिवस नाराज होती.

वयांबद्दल एक सूचना. जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरलं जायचं आणि नव्या वर्षाला सगळ्यांचं वय एकदम वाढायचं. सरकारी कामात सरसकट आपल्यासारखी मोजणी २०२३ च्या जूनमध्ये आली. त्यामुळे मालिकेतला बारा वर्षांचा मुलगा आपल्या हिशोबाने दहा-अकराचा असू शकतो.

## ४. मुलगाच का हवा, हे आधी समजून घ्या

हे कळलं नाही तर इनसुक नुसती खलनायिका वाटते, आणि तसं वाटणं म्हणजे त्या बाईवर अन्याय आहे.

कोरियात ‘होजू’ नावाची कायदेशीर पद्धत होती. प्रत्येक कुटुंबाचा एक प्रमुख, सरकारदरबारी नोंदलेला, आणि हे प्रमुखपद बापाकडून मुलाकडे जायचं. बायको, मुली यांचा क्रम नंतर. लग्नाबाहेर झालेला, पण बापाने स्वीकारलेला मुलगासुद्धा लग्नाच्या मुलींच्या पुढे असायचा. घटना न्यायालयाने ही पद्धत २००५ मध्ये घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती गेली. मालिका आली तेव्हा त्याला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. बघणाऱ्या प्रत्येक घरात ती आठवण ताजी होती.

आता इनसुककडे बघा. दोन मुली झाल्यात, सासू नातवासाठी अडून बसलीय, आणि घरातल्या कामवालीच्या पोटी मुलगा येतोय, जो कायद्याने तिच्या मुलींच्या पुढे जाईल. ती जे करते ते भयंकर आहे. पण ती भीतीतून करते आणि ती भीती खरी आहे. जॉन इनह्वाने ही भूमिका अशी केलीय की ओठ घट्ट मिटलेले आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकाच वेळी. त्यात व्यभिचार हा कोरियात २०१५ पर्यंत तुरुंगाचा गुन्हा होता. तिचं गुपित फुटलं असतं तर अब्रूबरोबर बरंच काही गेलं असतं.

आपल्याकडच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या आईला तर होजू शब्दाचीही गरज पडली नाही.

## ५. पाव तिथे कसा पोचला

गोष्ट साठच्या दशकात सुरू होते. युद्धानंतरच्या कोरियात तांदूळ पुरत नव्हता आणि अमेरिकेच्या मदतीतून गहू, पीठ येत होतं. सरकार लोकांना सांगत होतं, भातात बार्ली मिसळा, पिठाचे पदार्थ खा. शाळेत मुलांचे डबे उघडून भातात बार्ली आहे ना हे तपासलं जायचं. अशा वेळी पावाची कंपनी काढणारा माणूस श्रीमंत का झाला ते कळतं.

हे मी आईला सांगितलं तर ती एकदम म्हणाली, ‘पीएल ४८०! आमच्याकडे लाल गहू यायचा की रेशनवर.’ अमेरिकेचा धान्यमदतीचा तोच कायदा, तीच अमेरिका. मग बहात्तरच्या दुष्काळात वाटलेली मिलो ज्वारी आणि सुकडी यांची आठवण निघाली आणि त्या रात्री मालिका राहिली बाजूला.

पावाला कोरियन शब्द आहे ‘प्पांग’. पोर्तुगीजांचा शब्द जपानमार्गे तिथे गेला. आपला ‘पाव’ही पोर्तुगीजांचाच, फक्त तो गोव्याच्या किनाऱ्याने आला. एवढं माहीत असलं की ‘प्पांग’ ऐकताना घरचं कोणीतरी बोलतंय असं वाटतं.

## ६. हाका कानाने ऐका, सबटायटलवर सोडू नका

डबिंग उपलब्ध असलं तरी मूळ आवाज ठेवा. सहा-सात शब्द पाठ करा, पुरे होतात:

- ह्यंग: पुरुषाने मोठ्या भावाला मारलेली हाक, आपल्या ‘दादा’सारखी.
- ओप्पा: मुलीने मोठ्या भावाला किंवा प्रियकराला. संदर्भ बघून ठरवा.
- ओम्मा आणि ओमोनी: पहिली ‘आई गं’ची जवळीक, दुसरी आदराची.
- आबोजी: वडील, आदराने.
- ह्वेजांगनिम: कंपनीचे अध्यक्ष. स्वतःच्या बापाला ‘आबोजी’ म्हणायचं की ‘ह्वेजांगनिम’, यावर इथे आयुष्य अडलेलं असतं.
- सामोनिम: मालकीणबाई.

तकगू मोठा, माजुन धाकटा. माजुन त्याला काय म्हणतो, काय म्हणायचं टाळतो, आणि कधी बदलतो, त्याकडे कान ठेवा. सबटायटलवाले ‘ह्यंग’च्या जागी सरळ नाव टाकून मोकळे होतात आणि मोठा प्रसंग हातातून निसटतो. ‘अरे-तुरे’ आणि ‘अहो-जाहो’ हा फरक कोरियन भाषेत क्रियापदाच्या शेवटाला असतो. वाक्याच्या शेवटी ‘-यो’ किंवा ‘-निदा’ ऐकू आलं तर अहो-जाहो चाललंय. भांडणात तो शेवट एकदम गळून पडतो. मराठी माणसाला हा धक्का आपसूक कळतो, इंग्रजी सबटायटल तो दाखवू शकत नाही.

## ७. आठवड्याला दोन-चार भाग, त्याहून जास्त नको

मूळ मालिका बुधवारी आणि गुरुवारी लागायची. गुरुवारचा भाग अशा ठिकाणी तुटायचा की लोक सहा दिवस तेच बोलायचे. तेव्हा केबीएससारख्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मधे जाहिराती दाखवायची परवानगी नव्हती, ती २०२१ मध्ये मिळाली. त्यामुळे भाग एका दमात वाहतो, मध्यंतराचा झटका नाही. एका रात्रीत सहा भाग बघितले तर रडणं, ओरडणं, दवाखाना सगळं एकावर एक साचतं आणि माणूस बधिर होतो. आम्ही शनिवारी दोन आणि रविवारी दोन असं बसवलं. मधल्या दिवसांत आई भाजीवालीलासुद्धा तकगूचं सांगायची.

## ८. प्रेमाचा चौकोन कसा बघायचा

शिन यूक्यंग ही तकगूची लहानपणची मैत्रीण, दारुड्या बापाचा मार खाऊन वाढलेली. यूजीनने ती केलीय. यांग मीसुन ही बेकरीतली, पाव शिकण्याचं वेड असलेली, मोकळी. ली यंगआ त्या भूमिकेत. तकगू, माजुन आणि या दोघी.

नवखे लोक लगेच बाजू घेतात, ‘ही बरी, ती वाईट’. यूक्यंगला तर फार शिव्या पडतात. मला त्या पटत नाहीत. तिचे निर्णय बघताना एकच विचारा: या मुलीला आयुष्यात कधी कोणी सुरक्षित ठेवलं होतं का? आणि माजुन तिच्याकडे वळतो तेव्हा सुरुवातीला तरी तो तिला बघत नसतो, तकगूचं काहीतरी हिसकावून घ्यायला बघत असतो. बापाने तकगूकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्याला हवीय. ती मिळत नाही म्हणून तो भावाचं दुसरं काहीही घ्यायला तयार होतो. इथल्या प्रेमप्रसंगांत इल्जुंग कायम हजर असतो, खोलीत नसला तरी. हे एकदा डोक्यात बसलं की जू वनची प्रत्येक रागीट नजर वेगळी दिसते. त्याची ही पहिलीच मालिका होती, त्याआधी तो संगीत नाटकांत काम करायचा.

## ९. बेकरीत पोचलात की सावकाश

दोघे भाऊ फालबोंग नावाच्या म्हाताऱ्या गुरूच्या बेकरीत येतात. मालिकेचा सगळ्यात सुंदर भाग हा. जांग हांगसनने केलेला फालबोंग कमी बोलतो. तो शिष्यांना चाचण्या घालतो: जगातला सगळ्यात जास्त पोट भरणारा पाव बनवा. मग सगळ्यात मजेदार. मग सगळ्यात सुखी.

इथे एक करून बघा. चाचणी जाहीर झाली की मालिका थांबवा आणि आपलं उत्तर आधी कागदावर लिहा. पोट भरणारा म्हणजे काय? मोठा? जड? मी लिहिलं होतं, ‘आत भाजी भरलेला’. आईने थोडा वेळ पेन्सिल हातात धरली आणि लिहिलं, ‘सगळ्यांनी मिळून खाल्लेला’. मग पुढे बघा आणि दोन भावांची उत्तरं पडताळा. माजुनचे हात शिकलेले आहेत. तकगूला वासाचं उपजत देणं आहे, बापासारखंच, आणि भूक काय असते ते त्याला माहीत आहे. कणीक तिंबताना दोघांचे हात कॅमेरा जवळून दाखवतो. तिथे फोन बघू नका.

ही बेकरी म्हणून दाखवलेली जागा चोंगजू शहरातल्या सुआमगोल या टेकडीवरच्या वस्तीत आहे. तिकडे जाणारं कोणी ओळखीचं असेल तर नक्की पाठवा.

## १०. ‘हे अति होतंय’ वाटेल तेव्हा

वाटेलच. योगायोग, दाराआड ऐकलेली बोलणी, ऐनवेळी येणारी गाडी. कोरियन लोक अशा कथानकाला ‘माकजांग’ म्हणतात. हा खाणकामगारांचा शब्द, खाणीच्या बोगद्याचं अगदी शेवटचं टोक, जिथून पुढे वाट नाही. टोकापर्यंत जाणं हाच या प्रकाराचा करार आहे. तो मान्य नसेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही, आणि तसं असेल तर वेळीच सोडून द्यावं.

माझं स्वतःचं मत, शेवटच्या टप्प्यात कंपनी कोणाच्या हातात जाणार ही ओढाताण लांबते आणि सुंगजेचे डाव तेच ते होतात. तिथे दोन-तीन भाग जड जातील. तरी वगळू नका, कारण त्याच भागांत भावाभावांच्या बोलण्यातला एखादा छोटा प्रसंग लपलेला असतो. थकलात तर आठवडाभर थांबा. कागद जपून ठेवा म्हणजे पुन्हा सुरू करताना अडत नाही.

## ११. संपल्यावर

भावांचं वैर आवडलं असेल तर २००९ ची ‘केन अँड एबल’ घ्या. वीस भाग, दोघे भाऊ डॉक्टर, सो जिसप आणि शिन ह्यनजुन. त्यात पाव नाही, शस्त्रक्रिया आहेत, आणि वैर जास्त थंड आहे. ज्यांना तकगूमध्ये लहानपणाचे भाग भावले त्यांनी २००८ ची ‘ईस्ट ऑफ ईडन’ घ्यावी, खाणीच्या गावातून सुरू होणारी, दोन भावांची. ती मात्र छप्पन भागांची आहे. तिच्यासाठी मोठा कागद घ्या.